तडा गेला तिथले काँक्रीट काढून टाकले: सालगिनाटोबेलच्या कमानीची गोष्ट

२०२५ च्या जून महिन्यात नऊ दिवसांच्या अंतराने पुलांच्या दोन बातम्या आल्या. ६ जूनला जम्मू-काश्मीरमध्ये चिनाब नदीवरच्या पोलादी कमानीच्या रेल्वेपुलाचे उद्घाटन झाले आणि १५ जूनला पुणे जिल्ह्यात तळेगावजवळच्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून माणसे गेली. खाली एकही खांब नसताना एवढी मोठी कमान दरीवर उभी राहते कशी, हा प्रश्न पहिल्या बातमीने अनेकांच्या मनात आणला. दुसऱ्या बातमीनंतर, प्रत्येक पूल-दुर्घटनेनंतर होते तसे, आपल्या रोजच्या वाटेवरच्या पुलाला गेलेल्या तड्यांकडे लोक भीतीने पाहू लागले.

हे दोन्ही प्रश्न एकत्र समजून घ्यायचे असतील तर स्वित्झर्लंडमधल्या एका लहानशा घाटरस्त्यावरचा पूल पाहावा, असे मला वाटते. ग्राउबुंडन प्रांतातल्या शियर्स गावाहून शुडर्स नावाच्या डोंगरावरच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सालगिना ओढ्याच्या खोल घळीवर, हा काँक्रीटचा कमानी पूल १९३० मध्ये बांधला गेला. तिथल्या जर्मन बोलीत 'टोबेल' म्हणजे घळ, म्हणून त्याचे नाव सालगिनाटोबेल पूल. कमानीचा गाळा, म्हणजे एका पायथ्यापासून दुसऱ्या पायथ्यापर्यंतचे अंतर, सुमारे ९० मीटर आहे. रस्ता जेमतेम साडेतीन मीटर रुंद आहे. आणि घळीचा तळ सुमारे ९० मीटर खाली आहे. तो रचणाऱ्या रॉबर्ट मायार या अभियंत्याने आपल्या आधीच्या एका पुलाला गेलेले तडे नीट पाहिले, त्यांचा अर्थ लावला आणि पुढच्या पुलात, सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध, त्या जागी काँक्रीट वाढवण्याऐवजी ते काढून टाकले. तो निर्णय शहाणपणाचा का होता, हे कळण्यासाठी आधी कमान म्हणजे काय ते पाहावे लागेल.

दाब आणि ताण

कोणत्याही बांधकामाच्या आत मुख्यतः दोन प्रकारची बले काम करत असतात. वस्तू दोन्हीकडून दाबली जात असेल तर तो दाब, आणि दोन्हीकडून ओढली जात असेल तर तो ताण. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांपासून झालेले काँक्रीट दाब फार चांगला सोसते. ताण मात्र त्याला सोसवत नाही. त्याची ताण घेण्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहाव्या भागाइतकीच असते.

टेबलावर पुस्तकांची रांग उभी करून दोन्ही टोकांना तळहातांनी घट्ट दाबले, तर ती रांग एखाद्या फळीसारखी उचलता येते. दाब आहे तोवर पुस्तके एकमेकांना सोडत नाहीत. तळहात जरा सैल केले की पहिल्यांदा खालच्या बाजूने फटी पडतात आणि रांग विस्कटते. काँक्रीटचे तसेच आहे. सरळ आडव्या तुळईवर वजन आले की ती किंचित वाकते, तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. त्या खालच्या बाजूला लोखंडी सळ्या घालतात त्या याचसाठी, कारण लोखंड ताण घेते. घराचा स्लॅब भरताना आपण सळ्यांची जी जाळी पाहतो, तिचे मुख्य काम हेच. गाळा जसा वाढत जातो तशी तुळई जाड करावी लागते, आणि एका मर्यादेनंतर तिची बरीचशी ताकद स्वतःचेच वजन पेलण्यात खर्च होऊ लागते. तिथे कमान उपयोगी पडते.

उलटी फुगडी

फुगडी घालताना दोघीजणी हात धरून मागे रेलतात. हातांत ताण असतो. एकीचा हात सुटला तर दोघी मागे पडतात. आता याच्या उलट कल्पना करा. दोघीजणी समोरासमोर उभ्या राहून तळव्याला तळवा लावतात आणि एकमेकींकडे झुकतात. आता हातांत फक्त दाब आहे, आणि पडण्याची भीती निराळ्या ठिकाणी गेली आहे: पाय मागे सरकले तर दोघीही खाली येतील. कमान म्हणजे ही उलटी फुगडी. तिच्या अंगात जवळजवळ सगळा दाबच असतो, पण त्याबदल्यात ती आपल्या पायथ्यांना सतत बाहेर ढकलत असते. या ढकलण्याला आपण 'आडवा रेटा' म्हणू.

हे घरी करून पाहता येते. लग्नपत्रिकेचा जाड कागद वीतभर अंतरावरच्या दोन पुस्तकांवर सपाट ठेवा आणि मध्ये दहा रुपयांचे नाणे ठेवा. कागद खाली झोल खातो. तोच कागद वाकवून, त्याची टोके टेबलावर त्या दोन पुस्तकांच्या मध्ये अडकवून कमान करा. आता तो दोन-तीन नाणी पेलतो. पुस्तके हलकी असतील तर ती हळूहळू बाहेर सरकताना दिसतील आणि कमान बसकी होत जाईल. पुस्तकांच्या पाठीमागे जाडजूड शब्दकोश ठेवला की सरकणे थांबते. पुलाच्या बाबतीत त्या शब्दकोशाचे काम डोंगराचा खडक करतो.

सालगिनाच्या कमानीचा उठाव, म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची, सुमारे १३ मीटर आहे. ९० मीटर रुंदीला १३ मीटर उठाव म्हणजे कमान बरीच बसकी झाली, आणि कमान जितकी बसकी तितका तिचा आडवा रेटा मोठा. वजन सगळीकडे सारखे पसरले आहे असे धरून साधा हिशोब केला, तर कमानीवरच्या प्रत्येक १०० टन वजनामागे दोन्ही पायथ्यांवर प्रत्येकी ५० टन भार खाली येतो, आणि आडवा रेटा मात्र सुमारे ८७ टन भरतो. कमान खाली जितकी दाबते त्यापेक्षा बाजूला अधिक ढकलते. खडक भक्कम नसेल तर अशी कमान बांधूच नये, यामागचे गणित एवढेच आहे.

आकार ठरतो कसा?

दोन खुंट्यांना बांधलेली वाळत घालायची दोरी आपोआप एका ठरावीक वळणात लोंबते. दोरीला वाकवणारे बल पेलता येत नाही, ती फक्त ताण घेऊ शकते; म्हणून ती असाच आकार घेते ज्यात तिच्या अंगात ताणाशिवाय काहीच उरत नाही. तो आकार जसाच्या तसा उलटा केला तर ताणाच्या जागी दाब येतो, आणि मिळते ती त्या वजनासाठी योग्य अशी कमान. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने हे १६७५ मध्ये मांडले, आणि आजही कमानीचा विचार इथूनच सुरू होतो. दोरीवर ओली चादर एका बाजूला टाकली की दोरीचा आकार बदलतो, हेही आपण रोज पाहतो. म्हणजे वजन बदलले की योग्य आकारही बदलतो. दोरी आपला आकार बदलू शकते, काँक्रीटच्या कमानीला ते जमत नाही. पुलावर एकाच बाजूला भरलेला ट्रक आला तर काय, हा प्रश्न म्हणूनच कमान रचणाऱ्याची खरी परीक्षा पाहतो.

कागदाच्या कमानीवर नाणे मध्यावर न ठेवता एका बाजूला ठेवून पाहा. ती बाजू दबते आणि दुसरी बाजू फुगून वर येते. कमानीला वाकवणारे बल सर्वांत जास्त असते ते इथे, माथा आणि पायथा यांच्या साधारण मधोमध. ही जागा लक्षात ठेवावी, कारण सालगिनाच्या पुलाचे रूप याच जागेने ठरवले आहे.

झुओत्सचा पूल आणि त्याचे तडे

रॉबर्ट मायार यांचा जन्म १८७२ मध्ये बर्न येथे झाला. झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत विल्हेल्म रिटर या प्राध्यापकांकडे ते शिकले. पुलाच्या अंगातून बल कोणत्या वाटेने जाते ते रेषा काढून शोधण्याची पद्धत रिटर शिकवत, आणि मायार यांच्या सगळ्या कामावर त्या शिकवणीची छाप आहे.

त्या काळी सळ्या घातलेले काँक्रीट नवे होते. नवे द्रव्य हाती आले की माणूस आधी जुन्याच वस्तूंचे आकार त्यात ओततो. काँक्रीटचे सुरुवातीचे कमानी पूलही दगडी पुलांसारखे दिसत: खाली जाड कमान, तिच्यावर भराव, भरावावर रस्ता. रस्ता आणि भराव ही नुसती ओझी, आणि पेलायचे काम एकट्या कमानीचे. मायार यांनी १९०१ मध्ये इन नदीवर झुओत्स येथे ३८ मीटर गाळ्याचा पूल बांधताना हा हिशोब बदलला. खालची वक्र लादी, दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंती आणि वरचा रस्ता हे सगळे त्यांनी एकसंध जोडून त्याची पोकळ पेटी केली. जो रस्ता आजवर ओझे होता तोच आता कमानीचा एक अवयव झाला. भरीव काठीपेक्षा तेवढ्याच वजनाचा पोकळ बांबू कमी वाकतो, कारण त्याचे द्रव्य मध्यापासून दूर, कडेला असते. तेच तत्त्व इथे वापरले होते. प्रांताच्या वतीने या पुलाची भारचाचणी पाहायला खुद्द रिटर होते, आणि पूल त्या चाचणीला उतरला.

दोन वर्षांनी, १९०३ मध्ये, पायथ्यांजवळच्या भिंतींना उभे तडे गेलेले आढळले.

तडे कसे गेले असतील याचा विचार करू. काँक्रीट वाळते तसे किंचित आकसते. आटलेल्या तळ्याच्या तळाची माती भेगाळते, कारण वरचा थर आकसू पाहतो आणि खालचा ओला थर त्याला आकसू देत नाही. ओढाताण होते, आणि जे ताण सोसू शकत नाही ते फाटते. झुओत्सच्या भिंती वरून रस्त्याला आणि खालून वक्र लादीला घट्ट जोडलेल्या होत्या. वाळताना आणि उन्हा-थंडीत त्यांचे आकसणे-प्रसरणे वेगवेगळे झाले आणि भिंती फाटल्या. पण याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की भिंती फाटूनही पूल खाली का आला नाही?

याचे उत्तर बलाच्या वाटेत आहे. पायथ्याजवळ भिंत उंच असते, पण वजनाचा मुख्य ओघ त्या उंच भिंतीतून जात नाही. तो खालच्या वक्र लादीतून पायथ्याकडे उतरतो. पायथ्याजवळचा भिंतीचा तो त्रिकोणी तुकडा जवळजवळ काहीच पेलत नव्हता. दगडी पुलात तशी भिंत असते म्हणून ती इथेही आली होती. जिथे तडा गेला तिथे काँक्रीट कमी पडले नव्हते, तिथे त्याला काम नव्हते. मायार यांनी तडा दुरुस्त करून विषय संपवला असता तर आपण आज त्यांचे नाव घेतले नसते, असे मला मनापासून वाटते. त्यांनी तो निरोप म्हणून वाचला.

१९०५ मध्ये तावानासा येथे ऱ्हाइनच्या वरच्या प्रवाहावर ५१ मीटरचा पूल बांधताना त्यांनी दोन्ही टोकांचे ते त्रिकोण काढून टाकले. पूल हलका झाला, काँक्रीट वाचले, आणि असा आकार दिसला जो दगडात कधी बांधताच आला नसता. १९२७ च्या सप्टेंबरात दरड कोसळून तो पूल नष्ट झाला. त्यात रचनेचा दोष नव्हता. दरम्यानच्या वर्षांत मायार यांच्यावर स्वतःवरही मोठी आपत्ती येऊन गेली होती. पहिल्या महायुद्धात ते कुटुंबासह रशियात अडकले, तिथे १९१६ मध्ये पत्नीचे निधन झाले, क्रांतीत सगळी मिळकत गेली, आणि १९१९ च्या सुमारास तीन मुलांना घेऊन ते कर्जबाजारी अवस्थेत मायदेशी परतले. सालगिनाचा पूल हा त्यानंतरच्या माणसाचा पूल आहे.

सालगिनाची कमान जवळून पाहताना

सालगिना घळीवरच्या पुलासाठी एकोणीस आराखडे आले होते. मायार यांनी फ्लोरियन प्राडर या कंत्राटदारासह दिलेला आराखडा निवडला गेला, आणि त्याचे एक ठळक कारण म्हणजे तो स्वस्त होता. ज्या पुलाच्या सौंदर्याबद्दल आज इतके लिहिले जाते, तो मंजूर झाला तेव्हा काटकसर हा त्याचा मोठा गुण मानला गेला होता, हे विसरू नये.

कमानीला तीन ठिकाणी बिजागऱ्या आहेत: दोन्ही पायथ्यांशी एकेक आणि माथ्यावर एक. दाराच्या बिजागरीसारखी ती दूरवरून दिसत नाही, पण काम तेच करते. त्या जागी कमान दाब पुढे पोहोचवते आणि किंचित फिरू शकते. त्यामुळे पूल म्हणजे माथ्यावर एकमेकांना टेकलेले दोन स्वतंत्र अर्धे भाग होतात. पुन्हा ती उलटी फुगडीच. बिजागरीपाशी वाकवणारे बल पोहोचत नाही, म्हणून तिथे कमान बारीक ठेवता येते. मधल्या भागात ते सर्वांत जास्त असते, म्हणून तिथे पेटी खोल केली आहे. परिणामी प्रत्येक अर्धा भाग वालाच्या शेंगेसारखा दिसतो, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये भरलेला. वरून पाहिले तर कमान माथ्यापाशी अरुंद आणि पायथ्यांकडे रुंद होत गेलेली आहे, कारण घळीतून येणाऱ्या वाऱ्याच्या रेट्यापुढे पाय फाकवून उभे राहणे तिला गरजेचे आहे. त्या आकारातले एकही वळण नुसत्या शोभेसाठी काढलेले नाही.

ओले काँक्रीट हवेत कशावर ओतायचे?

घराचा स्लॅब भरायचा असेल तर आधी सेंटरिंग लागते, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून धरून ठेवणारा तात्पुरता सांगाडा. ९० मीटर खोल घळीत असा सांगाडा उभारणे हे पुलाइतकेच मोठे काम होते. ते केले रिशार्ट कोराय यांनी, जे लाकडी सांगाड्यांसाठी त्या प्रांतात विख्यात होते. घळीच्या दोन्ही उतारांवरून पंख्यासारखी पसरत वर जाणारी त्यांची लाकडी रचना बांधकामाच्या वेळच्या छायाचित्रांत दिसते, आणि ती पाहताना पूल विसरायला होतो.

इथेही एक हिशोब होता. सांगाड्याने संपूर्ण पूल पेलायचा असे ठरवले असते तर तो फार भारी आणि महाग झाला असता. मायार यांनी आधी फक्त खालची पातळ वक्र लादी भरायची असे ठरवले, आणि सांगाडा जेमतेम तेवढ्या वजनापुरता बांधला गेला. ती लादी घट्ट झाल्यावर तीच कमान म्हणून उभी राहिली आणि पुढच्या भिंतींचे नि रस्त्याचे ओले वजन सांगाड्याच्या जोडीने पेलू लागली. स्वस्ताईचे रहस्य बरेचसे यात होते. १८ ऑगस्ट १९३० रोजी पूल वाहतुकीला खुला झाला.

हे काम किती जोखमीचे असते याचे उदाहरण नऊ वर्षांनी स्वीडनमध्ये घडले. सांडो येथे २६४ मीटर गाळ्याची काँक्रीट कमान भरत असताना ३१ ऑगस्ट १९३९ रोजी ती सांगाड्यासह नदीत कोसळली आणि अठरा कामगार दगावले. दुसऱ्याच दिवशी दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. तो पूल पुन्हा बांधून १९४३ मध्ये पुरा केला गेला. पुढे मोठ्या कमानींसाठी खालून सांगाडा उभारण्याची पद्धत मागे पडत गेली. १९८० च्या क्रोएशियातल्या क्रक पुलाची ३९० मीटरची कमान दोन्ही काठांवरून पुढे पुढे वाढवत मध्ये जोडली गेली. चीनमधल्या वानशियान येथे १९९७ मध्ये ४२० मीटरच्या कमानीसाठी आधी पोलादी नळ्यांचा सापळा उभारून मग तो काँक्रीटने मढवला गेला. चीनमध्येच २०२४ मध्ये खुल्या झालेल्या त्यान-अ लाँगतान पुलाच्या कमानीचा गाळा ६०० मीटर आहे.

तीन बिजागऱ्या म्हणजे तीन कमकुवत जागा नव्हेत का?

ही शंका स्वाभाविक आहे, कारण सांधा म्हटले की आपल्याला ढिलाई आठवते. पण काँक्रीट उन्हात प्रसरण पावते आणि थंडीत आकसते, हे थांबवणे कोणाच्याही हातात नाही. तापमान ३० अंशांनी वाढले तर सालगिनाएवढ्या कमानीचा माथा साध्या हिशोबाने सुमारे पाच सेंटीमीटर वर उचलला जातो. बिजागऱ्या असतील तर दोन्ही अर्धे भाग जरासे फिरतात आणि ही हालचाल निमूट होऊन जाते. त्या नसतील तर कमानीला स्वतः वाकावे लागते आणि तिच्या अंगात ताण निर्माण होतो. पायथा किंचित खचला तरी हेच घडते. गुडघा वाकतो म्हणून माणूस उतारावर सावरून चालतो. उलट बाजूही सांगायला हवी: बिजागरीतून पाणी झिरपू शकते, तिची देखभाल करावी लागते, आणि बिनबिजागरीच्या कमानीला एखादा भाग निकामी झाला तरी बल वळवायला अधिक वाटा असतात. मोठ्या गाळ्यांसाठी पुढे बिजागऱ्या नसलेल्या कमानीच अधिक बांधल्या गेल्या, त्या याच कारणांमुळे.

काँक्रीट एकदा घट्ट झाले की बदलत नाही ना?

बदलते, आणि हे फार मोठी किंमत मोजून कळले असते, पण एका माणसाच्या सावधपणामुळे थोडक्यात निभावले. फ्रेंच अभियंते यूजेन फ्रेसिने यांनी १९११ च्या सुमारास अल्ये नदीवर ल व्हर्द्र येथे तीन बसक्या कमानींचा पूल बांधला. काही महिन्यांनी त्यांच्या लक्षात आले की कमानींचे माथे हळूहळू खाली येत आहेत. घसरण वाढत वाढत १३ सेंटीमीटरपर्यंत गेली. गावात फारसा गाजावाजा न करता, मोजकी माणसे घेऊन, त्यांनी माथ्यांवर जॅक बसवले, कमानी पुन्हा वर उचलल्या आणि माथ्याच्या बिजागऱ्यांच्या जागा काँक्रीटने भरून टाकल्या. पुस्तकांनी भरलेल्या फडताळाची फळी वर्षानुवर्षांत झोल खाते, तसे काँक्रीटही सततच्या दाबाखाली सावकाश दबत जाते, हे त्यांना या प्रसंगातून उमगले. पुढे हाच गुण पक्का समजून घेऊन त्यांनी आधीच ताणून बसवलेल्या तारांच्या काँक्रीटचे तंत्र विकसित केले. आज आपल्याकडचे बहुतेक उड्डाणपूल त्याच तंत्राचे आहेत.

कमान इतकी भक्कम असते, तर महाडचा पूल का गेला?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीच्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन कमानी पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह वाहने नदीत गेली. कोकणात तो दिवस कोणी विसरलेले नाही. तो पूल दगडी बांधकामाचा, अनेक लहान कमानींचा, पात्रात खांब असलेला होता. अशा पुलात शेजारशेजारच्या दोन कमानी मधल्या खांबाला दोन्हीकडून रेटत असतात आणि खांब त्या समतोलावर उभा असतो. पुराचे पाणी खांबाच्या पायाखालची माती-वाळू खणत जाते. तो पाया हलला की एक कमान आधार गमावते, आणि तिचा रेटा नाहीसा झाल्याने शेजारची कमानही धोक्यात येते. कमानीची सगळी ताकद तिच्या पायथ्याच्या हवाली असते. म्हणून जुन्या कमानी पुलाची तपासणी करताना वरच्या डांबरापेक्षा पाण्याखालचा पाया पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. सांगलीचा आयर्विन पूल दगडी कमानींचा, १९२९ चा. दर पावसाळ्यात बातम्यांमध्ये त्याच्यापाशी कृष्णेची पातळी किती फूट झाली ते आपण ऐकतो; ते आकडे शहराइतकेच त्या पुलाच्या पायांशीही संबंधित आहेत.

सालगिनाच्या पुलाला हा धोका नाही, कारण त्याचा एकही पाय पाण्यात नाही. तिथला धोका डोंगर सरकण्याचा, तावानासाला झाला तसा.

मग आपल्याकडे असे पूल का दिसत नाहीत?

अगदीच नाहीत असे नाही. सिलिगुडीच्या वर सेवोक येथे तिस्ता नदीवर १९३७ मध्ये पायाभरणी होऊन १९४१ मध्ये पुरा झालेला कॉरोनेशन पूल काँक्रीटच्या कमानीचा आहे. तिस्तेचा प्रवाह इतका खोल आणि वेगवान, की पात्रात खांब घेणे शक्य नव्हते, म्हणून दोन्ही काठांच्या खडकांना रेटून कमान उभी केली गेली. ते काम केले होते मुंबईच्या जे. सी. गॅमन कंपनीने. प्रवेशाजवळच्या पुतळ्यांमुळे तिथले लोक त्याला बाघ पूल म्हणतात.

दख्खनच्या पठारावरच्या नद्या मात्र बहुधा रुंद आणि उथळ पात्रांच्या आहेत. तिथे थोड्या थोड्या अंतरावर खांब घेऊन तयार तुळया टाकणे स्वस्त आणि वेगाचे पडते. सह्याद्रीच्या घळींत खडक उत्तम आहे, पण कमानीच्या सेंटरिंगला लागणारे कुशल हात आणि मजुरी आता परवडेनाशी झाली आहे. मायार यांच्या काळात द्रव्य महाग आणि मजुरी तुलनेने स्वस्त होती, म्हणून द्रव्य वाचवणारा आकार किफायतशीर ठरे. आज हिशोब उलटला आहे. माझ्या मते तरीही खोल, अरुंद आणि खडकाळ घळीसाठी कमानीचा पर्याय आराखड्याच्या टप्प्यावर नेहमी तपासून पाहिला पाहिजे, कारण पात्रात खांब नसणे हा पुरांच्या काळात फार मोठा लाभ आहे.

शंभरीकडे झुकलेल्या पुलाचे काय होते?

मायार १९४० मध्ये वारले. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या पुलांचे प्रदर्शन भरले, आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने सालगिनाटोबेलला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान दिला. पण पाणी असल्या मानाची पर्वा करत नाही. रस्त्यावरचे पाणी झिरपत खाली उतरते, पातळ काँक्रीटच्या आतल्या सळ्यांपर्यंत पोहोचते, सळ्या गंजून फुगतात आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. आपल्या जुन्या इमारतींच्या सज्ज्यांखाली हे दृश्य सर्वांनी पाहिलेले आहे. अशा तड्याच्या कडेला तांबूस ओघळ असतो. आकसण्याने गेलेल्या केसासारख्या बारीक तड्याशी त्याची गल्लत करू नये. पहिला तडा सळई गंजत असल्याचे सांगतो, दुसरा बहुधा काँक्रीट वाळल्याचे. तडा कुठे आहे, कोणत्या दिशेने गेला आहे आणि वाढतो आहे का, या तीन गोष्टी नोंदवल्या की तपासणाऱ्या अभियंत्याचे अर्धे काम होते.

सालगिनाच्या पुलाची सत्तरच्या दशकात आणि पुन्हा १९९७-९८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. खराब झालेला पृष्ठभाग खरवडून नव्या काँक्रीटची फवारणी केली गेली, कठडे नव्याने बांधले गेले आणि पाणी वाहून जाण्याची नीट सोय केली गेली. मूळ काँक्रीटवर १९३० च्या साच्याच्या फळ्यांचे ठसे होते. नव्या पृष्ठभागावरही ते दिसावेत याची काळजी दुरुस्ती करणाऱ्यांनी घेतली. पूल रस्ता म्हणून अजून चालू आहे, आणि शुडर्सची माणसे शियर्सला उतरतात ती त्याच्यावरूनच.